‘मंत्रावेगळा’ आणि शेवटचा बाजीराव

राजवंशाच्या अखेरच्या पुरुषाविषयी वाङ्मयाचा न्याय मोठा चमत्कारिक असतो. रशियाचा दुसरा निकोलस १९१८ च्या जुलैत सहकुटुंब मारला गेला आणि त्याच्या साऱ्या चुकांवर करुणेचा पडदा पडला. आमच्या दुसऱ्या बाजीरावास असे मरण लाभले नाही. पेशवा हा नावाचा प्रधान खरा, पण घराणे राजाचेच झाले होते. त्याचा हा शेवटचा धनी ३ जून १८१८ रोजी माल्कमच्या स्वाधीन झाला आणि वर्षास ८ लक्षांचे पेन्शन घेऊन ब्रह्मावर्तास १८५१ पर्यंत जगत राहिला. आष्टीस पडलेल्या बापू गोखल्यास आम्ही मान दिला. धन्यास ‘पळपुटा’ म्हटले.

ना. सं. इनामदार यांची ‘मंत्रावेगळा’ ही कादंबरी ह्या कलंकाविरुद्ध उभी आहे. एल्फिन्स्टनपुढे एकाकी पडलेला बाजीराव रंगविण्यास धाडस लागते, आणि शाळेपासून कानी पडलेले ते टोपणनाव वाचता वाचता विसरावयास होते, हे यश लहान नव्हे. परंतु बचावाची दिशा आम्हांस पटत नाही. तो भित्रा नव्हता, असे दाखवू पाहणारा लेखक आरोप करणाराचीच मोजपट्टी हाती घेतो.

आम्ही एकलहऱ्याचे. येथून गोदावरीच्या वरच्या अंगास, नाशिकच्या पलीकडे आनंदवल्ली आहे. राघोबादादांच्या पश्चात आनंदीबाई व मुले तेथे नजरकैदेत होती. १७९४ साली आई तेथेच वारली आणि एकोणीस वर्षांच्या बाजीरावास शिवनेरीकडे हलविण्यात आले. त्या कैदेतून तो सवाई माधवरावास चोरून पत्रे लिही. ती उघडकीस येताच नाना फडणिसांनी बंदोबस्त अधिक कडक केला. पहारेकऱ्याशी गोड बोलावे आणि मनातले भलत्यालाच कळवावे, एवढेच त्याचे राजकारणाचे शिक्षण! १७९६ साली पेशवाई मिळाल्यावर नाना, शिंदे, होळकर, इंग्रज ह्या सर्वांशी तो तसाच वागला. होळकराच्या धाकाने पळून १८०२ च्या डिसेंबरात वसईस त्याने तह केला, तोही एका पहाऱ्यातून सुटण्यासाठी दुसरा पत्करावा तसा.

इनामदारांच्या पुस्तकात आपणांस भेटतो तो मुख्यतः एल्फिन्स्टनशी झगडणारा प्रौढ पेशवा. नजरकैदेत वाढलेल्या त्या पोराची कादंबरी मराठीत लिहावयाची राहिलीच आहे.