व्याख्येतला माणूस

मोठ्या तंत्रज्ञान कंपन्या माणसाच्या तोडीची यांत्रिक बुद्धी घडवण्याच्या मागे आहेत का? या प्रश्नाची दोन ठरावीक उत्तरे हल्ली ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, आहेतच आणि लवकरच करूनही दाखवतील. दुसरा म्हणतो, ही निव्वळ भांडवल गोळा करण्याची दवंडी आहे. 'माणसाच्या तोडीची' म्हणजे काय, हे मात्र दोघेही विचारत नाहीत. त्यासाठी कंपन्यांचे कागद वाचावे लागतात. तेही एखादी संहिता वाचावी तसे, शब्द न शब्द.

सुरुवात १९५५ मधली. डार्टमथ महाविद्यालयातल्या उन्हाळी अभ्याससत्राच्या प्रस्तावावर चौघांची नावे आहेत : मॅकार्थी, मिन्स्की, रॉचेस्टर आणि शॅनन. यांपैकी रॉचेस्टर आयबीएमचे, शॅनन बेल प्रयोगशाळेचे. म्हणजे कंपन्या या मांडवात पहिल्यापासूनच आहेत. पण रॉकफेलर फाउंडेशनकडे १३,५०० डॉलर मागणाऱ्या त्या प्रस्तावाची भाषा शिकणे, भाषा वापरणे, अमूर्त कल्पना करणे, अशी आहे. तिथे माणूस म्हणजे विचार करणारा प्राणी.

आता ओपनएआयची २०१८ ची सनद पाहा. तिच्यातली व्याख्या अशी : आर्थिक मूल्य असलेल्या बहुतेक कामांत माणसांना मागे टाकणारी, बऱ्याच अंशी स्वायत्त यंत्रणा. इथे विचार नाही, समज नाही. आहे ते काम, आणि तेही ज्याला दाम मिळतो असे. तीन वर्षांचे मूल दिवसभर 'का?' विचारून घर डोक्यावर घेते. मानवी बुद्धीचा त्याहून सतेज नमुना मला तरी ठाऊक नाही. पण या व्याख्येत ते बसत नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सगळे बिनपगारी करणारी सूनही बसत नाही.

पुढे तर ही व्याख्या कराराचे कलमच झाली. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ओपनएआयमध्ये एक अब्ज डॉलर गुंतवले. मानवतुल्य यंत्रणा साधली की ती मायक्रोसॉफ्टच्या परवान्याबाहेर राहील, अशी तरतूद होती. मग 'साधली' हे ठरवायचे कशावरून? डिसेंबर २०२४ मध्ये 'द इन्फर्मेशन'ने बातमी दिली, की दोन्ही कंपन्यांनी आपसांत सुमारे शंभर अब्ज डॉलर नफ्याची खूण ठरवली आहे. बुद्धीची कसोटी ताळेबंदावर! ऑक्टोबर २०२५ च्या नव्या करारात अशा दाव्याची पडताळणी स्वतंत्र तज्ज्ञमंडळावर सोपवली गेली.

सगळ्यांना एका मापाने मोजणे मात्र अन्यायाचे होईल. २०१० मध्ये स्थापन झालेल्या आणि २०१४ मध्ये गूगलने घेतलेल्या डीपमाइंडचे डेमिस हसाबिस आजही माणसाच्या आकलनक्षमतांच्याच भाषेत बोलतात. गंमत अशी, की त्यांना २०२४ चे नोबेल ज्या कामासाठी विभागून मिळाले, ते प्रथिनांच्या घडणीचे भाकीत करणारे 'अल्फाफोल्ड' मानवतुल्य असल्याचा दावा कोणीच करत नाही.

तेव्हा माझे उत्तर असे : ध्यास खरा आहे, पण या सनदेपुरते बोलायचे तर तो माणसाच्या बुद्धीचा नसून पगारी माणसाला पर्याय शोधण्याचा आहे. दवंडी म्हणून तो उडवून लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. नोकरी जाण्यासाठी यंत्राला विचार करता यावाच लागतो, असे नाही. आणि त्या व्याख्येतला 'बहुतेक कामे' हा शब्दप्रयोग तर अजून कोणी सोडवलेलाच नाही. एकाच कामाला सॅन फ्रान्सिस्कोत एक दाम मिळतो, सोलापुरात दुसरा. सनदेतले आर्थिक मूल्य यांतल्या कुठल्या दामाने मोजायचे, याबद्दल सनद गप्प आहे.