वंशावळ आणि डीएनए परीक्षा : दोन निबंधांचें परीक्षण

वंशावळ हें इतिहासाच्या साधनांपैकीं फार जपून हाताळावयाचें साधन आहे, हें ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. वतनाच्या तंट्यांत दाखल झालेल्या वंशावळी, तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतील नोंदी, कैफियती आणि करीने ह्यांचा मेळ घालूं लागलें म्हणजे एकाच पुरुषास कधीं कधीं तीन ठिकाणीं तीन बाप आढळतात. आणि वतन जितकें मोठें तितकी वंशावळ लांब, असाही अनुभव येतो. अशा स्थितींत कागदाशिवाय बोलणारा एक साक्षीदार उभा राहिला आहे असें कानीं आल्यास संशोधकानें आशेनें तिकडे पाहावें हें साहजिकच आहे. हा साक्षीदार म्हणजे डीएनए. थुंकीचा नमुना डबींत घालून पाठवा, कुळाचें मूळ कळवितों, अशा जाहिराती आतां आपल्याकडेही येऊं लागल्या आहेत. परंतु कोणत्याही साधनाची योग्यता त्याच्या जाहिरातींवरून न ठरवितां त्याच्या उत्तम कृतींवरून ठरवावी, हाच न्याय होय. म्हणून ह्या विषयावरील दोन प्रसिद्ध निबंध येथें परीक्षणास घेतले आहेत. एक १९९८ च्या नोव्हेंबरांत 'नेचर' ह्या नियतकालिकांत आला. दुसरा २०१४ च्या डिसेंबरांत 'नेचर कम्युनिकेशन्स' मध्यें प्रसिद्ध झाला. दुसरा अधिक सरस असल्यामुळें तो आधीं घेतों.

परीक्षेचें तत्त्व थोडक्यांत असें. वाय नांवाचें गुणसूत्र बापाकडून केवळ मुलग्यास जातें, म्हणून तें पुरुषपरंपरेची खूण होय. पेशींतील तंतुकणिकांत असणारा डीएनए आईकडून सर्व अपत्यांस मिळतो, परंतु पुढें तो केवळ मुलीच चालवितात, म्हणून तो स्त्रीपरंपरेची खूण होय. दहा पिढ्या मागें गेल्यास प्रत्येकास कागदोपत्रीं १०२४ पूर्वज असतात. त्यांपैकीं ह्या दोन खुणा केवळ दोघांविषयीं बोलतात. जाहिरातींतील 'अमुक वंश इतके टक्के' हीं प्रमाणें तर कंपनीनें तुलनेसाठीं जे नमुने जमविलेले असतात त्यांवर अवलंबून असतात, आणि ते बदलले कीं माणूस तोच असून त्याचे टक्के बदलतात. त्यांची चर्चा येथें करीत नाहीं.

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड २२ ऑगस्ट १४८५ रोजीं बॉस्वर्थच्या लढाईंत पडला व लीस्टर येथील ग्रेफ्रायर्स मठांत पुरला गेला. पुढें आठव्या हेन्रीच्या कारकीर्दींत मठ मोडले आणि थडग्याचा मागमूस राहिला नाहीं. २०१२ सालीं मोटारी उभ्या करण्याच्या एका आवाराखालीं उत्खनन होऊन एक सांगाडा निघाला. कणा वांकलेला, कवटीवर शस्त्रांचे घाव. तो रिचर्डचाच कीं काय, हा प्रश्न. निबंधकारांनीं प्रथम कागद हातीं घेतले. रिचर्डची बहीण अ‍ॅन ऑफ यॉर्क हिच्यापासून मुलीची मुलगी अशा क्रमानें दोन निरनिराळ्या शाखा आजपर्यंत उतरविल्या, प्रत्येक पायरीस लेखी आधार दिला, आणि मग त्या दोन्ही शाखांच्या जिवंत वंशजांचे नमुने घेतले. एकाचा नमुना सांगाड्याशीं तंतोतंत जुळला. दुसऱ्यांत एका अक्षराचाच फरक निघाला. हाडांचें वय, घाव, कण्याचा दोष आणि डीएनए ह्या सर्वांचा एकत्र हिशेब करून ओळख शेंकडा ९९.९९९ हून अधिक निश्चित, असा निष्कर्ष त्यांनीं काढला. आमच्या मतें तो निर्दोष आहे. ह्या यशाचें अर्धें श्रेय प्रयोगशाळेइतकेंच दप्तरखान्यास आहे, हें मात्र वर्तमानपत्रांनीं वाचकांस सांगितलें नाहीं. आपल्याकडे असा प्रयोग करूं म्हटल्यास पहिलीच अडचण येईल ती ही कीं, आपल्या वंशावळींत मुलींस बहुधा नांवच नसतें. असलेंच तर तें माहेरचें, आणि सासरीं तें बदललेलें. ज्या परीक्षेस स्त्रियांचीं नांवें हवींत ती परीक्षा आपल्या पूर्वजांच्या कारकुनीपाशींच अडून पडावयाची.

निबंधाचा दुसरा भाग पुरुषपरंपरेचा. रिचर्डचा खापरपणजा तिसरा एडवर्ड. त्याचेच वंशज म्हणून नोंदलेल्या ब्यूफर्टच्या पांचव्या ड्यूकच्या घराण्यांतील पांच जिवंत पुरुषांचे नमुने घेतले. सांगाड्याचें वाय गुणसूत्र त्यांपैकीं एकाशींही जुळलें नाहीं. म्हणजे रिचर्ड आणि ड्यूक ह्यांस जोडणाऱ्या एकोणीस पायऱ्यांच्या सांखळींत कोठें तरी कागदांतील बाप व खरा जनक निराळे आहेत. वर्तमानपत्रांनीं ह्यावरून ट्यूडर राजांच्या सिंहासनावरील हक्काचा प्रश्न काढला, तो केवळ उथळपणाचा होता. सांखळी कोठें तुटली हें ह्या परीक्षेनें कळत नाहीं, आणि बहुतेक कड्यांचा राजपदाशीं संबंधच पोहोंचत नाहीं. शिवाय ह्या वंशाचे मूळ पुरुष विवाहापूर्वीं जन्मलेले होते व १३९७ सालीं त्यांस औरसत्व दिलें गेलें, ही गोष्ट कागदांतच नमूद आहे. आणि सातव्या हेन्रीनें राज्य घेतलें तें तलवारीनें व पार्लमेंटच्या मान्यतेनें. राजाचा हक्क रक्तानेंच ठरतो हें गृहीत ज्यांनीं धरलें त्यांनीं इंग्लंडचाही इतिहास वाचला नव्हता.

आतां ज्या ठिकाणीं प्रस्तुत लेखकाचें मन थबकलें तें सांगतों. त्या पांच पुरुषांपैकीं चौघांची खूण आपसांत जुळते. पांचव्याची जुळत नाहीं. ह्याचा अर्थ निबंधकारांनीं स्वच्छ लिहिला आहे : गेल्या चार पिढ्यांतच त्याच्या शाखेंत पितृत्वाचा खंड पडला आहे. ह्या गृहस्थानें नमुना दिला तो पांचशें वर्षांपूर्वींच्या राजाचीं हाडें ओळखण्यासाठीं. उत्तर मिळालें तें स्वतःच्या बापा-आजाविषयीं, आणि जिच्याविषयीं तें बोललें गेलें ती स्त्री जबाब देण्यास कदाचित् हयातही नसेल. नांवें गुप्त ठेविलीं हें योग्यच झालें. पण ज्या घराण्याची वंशावळ सरदारांच्या छापील ग्रंथांतून कोणासही पाहतां येते, तेथें नांव झांकल्यानें माणूस कितपत झांकला जातो? ही ओळ निबंधाच्या निष्कर्षास आवश्यक होती काय? चौघांच्या नमुन्यांवरही तो निष्कर्ष तितकाच टिकला असता. पुरावा लपवूं नये हा शास्त्राचा नियम आम्हांस मान्य आहे. म्हणून निबंधकारांस दोष देतांना आमचा हात अडखळतो, परंतु नमुना घेण्यापूर्वींच असा निकाल निघाल्यास तो कोणास कळवावयाचा व छापावयाचा कीं नाहीं, हें देणाऱ्याकडून लिहून घेणें शक्य असतें. निबंध वाचून तेवढें ठरलें होतें कीं नाहीं हें वाचकास उमगत नाहीं.

१९९८ चा निबंध अमेरिकेचा अध्यक्ष टॉमस जेफर्सन व त्याची गुलाम स्त्री सॅली हेमिंग्स ह्यांच्याविषयीं आहे. तिचीं मुलें जेफर्सनपासून झालीं हा आरोप १८०२ सालींच छापला गेला होता. तिचा मुलगा मॅडिसन ह्यानें १८७३ सालीं आपला जनक जेफर्सनच, असें सांगितलेलें प्रसिद्ध आहे. जेफर्सनचे कुटुंबीय मात्र कार नांवाच्या भाच्यांकडे बोट दाखवीत. जेफर्सनची औरस पुरुषशाखा चालली नाहीं, म्हणून त्याचा चुलता फील्ड ह्याच्या वंशजांचे नमुने घेतले. सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन ह्याच्या वंशजाची खूण त्यांशीं जुळली, आणि कार घराण्याशीं जुळली नाहीं. एवढाच निकाल. निबंधाच्या मथळ्यानें मात्र जेफर्सनच त्या मुलाचा बाप, असें ठासून सांगितलें. वस्तुतः तीच खूण त्याच्या भावाच्या आणि पुतण्यांच्याही अंगीं असणार. पुढें १९९९ च्या जानेवारींत मूळ लेखकांनींच हें कबूल केलें. मथळा सर्व जगानें वाचला. कबुली थोड्यांनीं वाचली.

तरी पण जेफर्सनच जनक होता असें आज बहुतेक इतिहासकार मानतात, आणि आम्हांसही तें पटतें. कां? प्रत्येक मुलाच्या जन्मापूर्वीं नऊ महिने जेफर्सन मॉन्टिसेलो येथें हजर होता, हें त्याच्याच दैनिक टिपणांवरून दिसतें. ॲनेट गॉर्डन-रीड ह्या विदुषीनें कागदांवरून हा पक्ष १९९७ सालींच, म्हणजे परीक्षेच्या एक वर्ष आधीं मांडला होता. परीक्षेनें भाच्यांची कथा खोटी ठरविली, हें तिचें खरें कार्य. नकार ती निश्चित देते. होकार द्यावयास तिला कागदाचा हात धरावा लागतो. मॅडिसनचा मुलगा विल्यम हा कॅन्सस संस्थानांत पुरलेला आहे. त्याचीं हाडें उकरून तीही खूण पाहावी, असें सुचविलें गेलें, तेव्हां मॅडिसनच्या वंशजांनीं संमति नाकारली. घरांत पिढ्यान्पिढ्या जें सांगितलें गेलें त्यास प्रमाणपत्र नको, अशी त्यांची भूमिका. संशोधक ह्या नात्यानें आम्हांस हळहळ वाटते. परंतु ज्यांच्या पूर्वजांच्या शरीरावर एकेकाळीं दुसऱ्याची मालकी होती, त्यांनीं आपल्या मृताच्या शरीराविषयीं 'नाहीं' म्हणावें, ह्यापुढें आमच्या हळहळीस फारसें वजन नाहीं.

हे दोन्ही प्रसंग विद्वानांच्या हातचे, म्हणून तेथें निदान संकोच तरी होता. बाजारांत तो नाहीं. २०१८ सालीं कॅलिफोर्नियांत जुन्या खुनांचा एक गुन्हेगार वंशावळीच्या एका खुल्या संग्रहावरून सांपडला. त्यानें स्वतः नमुना दिला नव्हता, दूरच्या नातलगांनीं दिला होता. खुनी सांपडला हें उत्तमच. पण त्याच वर्षीं 'सायन्स' मधील एका निबंधानें दाखविलें कीं, सुमारें १२ लाख ८० हजार नमुन्यांच्या संग्रहांत युरोपीय वंशाच्या अमेरिकनांपैकीं शेंकडा ६० जणांचा, एका खापरपणजाच्या वंशांतला किंवा त्याहून जवळचा, नातलग निघतो. म्हणजे डबी एकानें पाठवावयाची आणि उघडें सर्व भाऊबंदांनीं पडावयाचें. २०२३ सालीं 'ट्वेंटीथ्री अँड मी' कंपनीचीं सुमारें १४ हजार खातीं चोरांनीं उघडलीं, आणि नातलग जोडण्याच्या सोयीमुळें ६९ लाख लोकांची माहिती त्यांच्या हातीं गेली. २०२५ च्या मार्चांत त्या कंपनीनें दिवाळें काढलें व संग्रह विक्रीस निघाला. तिच्याच संस्थापिकेच्या एका संस्थेनें तो घेतला, हें ग्राहकांचें दैव. आपल्याकडेही यजमानवृत्ति विकली वा गहाण पडली म्हणजे उपाध्यायाच्या वह्या तिच्याबरोबर जात. परंतु वहींत नांव, गांव व यात्रेची मिति एवढेंच असे. यजमानाचा न जन्मलेला नातू तींत लिहिलेला नसे.

मराठ्यांच्या इतिहासांत ह्या परीक्षेचा मोह पडावा अशीं स्थळें आहेत. त्यांत पहिला रामराजा. शाहू १५ डिसेंबर १७४९ रोजीं वारला. ताराबाईनें आपला नातू म्हणून पुढें आणलेला रामराजा गादीवर बसला, आणि १७५० सालीं तिनेंच त्यास कैद करून हा आपल्या कुळींचा नव्हे, गोंधळी आहे, असें म्हटलें. दोहोंपैकीं बाईचें कोणतें बोलणें खरें? जिवंत वंशजांची परीक्षा केल्यानें तें कळणार नाहीं, कारण रामराजानें १७७७ सालीं वावीकर भोसल्यांच्या शाखेंतून दत्तक घेतला आणि सातारची गादी त्या दत्तकाच्या वंशांत चालली. कोणाचीही खूण पाहिली तरी ती रामराजाची नव्हे. दत्तविधान हें आपल्या वंशावळीचें वैगुण्य नसून तिचा एक नियमच आहे. जेथें दत्तक आहे तेथें न जुळलेली खूण हा वंशावळीच्या खोटेपणाचा पुरावा होत नाहीं. पोटचा वारस तोच खरा, हें मत मात्र आपल्या इतिहासांत एकदां फार महाग पडलें आहे : १८४८ सालीं डलहौसीनें सातारचें राज्य खालसा केलें तें शहाजीचा दत्तक अमान्य करूनच.

इंग्रजी अमदानींत १८७२ सालीं झालेल्या पुराव्याच्या कायद्यानेंही, विवाह कायम असतां जन्मलेलें मूल त्या पतीचेंच मानावें, पति-पत्नींचा संबंध अशक्य होता असें सिद्ध होईल तेवढाच अपवाद, असा दंडक ठेविला. २०२४ च्या जुलैपासून अंमलांत आलेल्या नव्या अधिनियमांत तो तसाच आहे. न्यायालय जेथें दार लोटून घेतें तेथें संशोधकानें कुतूहलापोटीं तें ढकलावें काय, ह्याचा विचार नमुने गोळा करण्यापूर्वीं व्हावयास हवा. आणि घराण्यांतील एकट्या कर्त्या पुरुषाची सही त्यास पुरेशी मानूं नये, कारण बोललें जातें तें सर्वांविषयीं, आणि विशेषतः त्या घरांतील स्त्रियांविषयीं. रामराजापुरतें म्हणाल तर ताराबाईच्या व पेशव्यांच्या पत्रव्यवहाराची तारीखवार छाननी हेंच काम प्रथम करावयाचें आहे, आणि पुण्याच्या दप्तरांत मोडी कागदांचे न वाचलेले रुमाल अद्याप पुष्कळ आहेत.