कचरापेटी ते वर्ल्ड कप : एका फॉरवर्डची समीक्षा

२ नोव्हेंबर २०२५ ची फायनल संपली, भारताच्या मुलींनी नवी मुंबईत वर्ल्ड कप उचलला आणि तासाभरात आमच्या फॅमिली ग्रुपवर लिसा स्थळेकर हजर झाली. ती दर वेळी येते. महिला दिनाला येते, बालिका दिनाला येते, १३ ऑगस्टला तर येतेच. तुमच्याही ग्रुपवर आली असेल. पुण्यात एक मुलगी जन्मते, आईबाप तिला टाकून देतात, परदेशातून एक जोडपं येतं, त्यांना मुलगा हवा असतो, पण मुलीचे तपकिरी डोळे बघून ते विरघळतात. ती मोठी होऊन ऑस्ट्रेलियाची क्रिकेटपटू होते. मग रन आणि विकेटांची यादी. शेवटी नशिबावर दोन वाक्यं आणि हात जोडलेले इमोजी.

या मजकुराला लेखक नाही, तारीख नाही, आणि तरी मराठीत दत्तक या विषयावर सर्वाधिक वाचलं जाणारं लेखन बहुधा हेच असेल. कादंबरीची समीक्षा होते, सिनेमाची होते, मग फॉरवर्डची का नको? शिवाय या वेळी मला ती करणं भाग पडलं. आमच्या ग्रुपवर माझी मामेबहीणही आहे. पंधरा वर्षांची. मामा-मामींनी तिला अकरा महिन्यांची असताना घरी आणलं. हे घरात सगळ्यांना माहीत आहे, तिलाही. त्या रात्री तिने मला वेगळा मेसेज केला : ‘दादा, कचरापेटी खरंच होती का?’

तर आधी कचरापेटी. आमच्याकडे या फॉरवर्डच्या दोन आवृत्त्या फिरतात. एकीत बाळ अनाथालयाच्या दारात ठेवलेलं आहे, दुसरीत कचऱ्यात. जे माहीत आहे ते एवढंच : लिसाचा जन्म १३ ऑगस्ट १९७९ चा, पुण्यातला. जन्मदात्यांना तिला सांभाळणं शक्य नव्हतं, म्हणून ती ससून रुग्णालयाशी जोडलेल्या ‘श्रीवत्स’मध्ये आली. तिथे तिचं नाव लैला होतं. तीन आठवड्यांची असताना हारेन आणि सू स्थळेकर यांनी तिला स्वीकारलं. ‘सांभाळणं शक्य नव्हतं’ एवढ्या तीन शब्दांत एका बाईचा अख्खा ऑगस्ट महिना मावलाय, आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्याला त्या जागी कचरापेटी सुचते. कारण कचरापेटीला प्रश्न विचारावे लागत नाहीत.

क्रियापदं बघा. फेकली, टाकली, सोडली, दिली. मराठीत या चार पायऱ्या आहेत आणि फॉरवर्ड नेहमी वरच्या दोनवरच उभा असतो. ‘टाकलेली’ हा शब्द आपल्याकडे नवऱ्याने सोडलेल्या बाईसाठीही वापरतात. म्हणजे बाईला नवरा टाकतो आणि बाळाला बाई टाकते. बाप या वाक्यात कुठेच सापडत नाही. आजच्या कायद्यात मूल सोपवण्याला रीतसर प्रक्रिया आहे. बाल कल्याण समितीसमोर कागद होतात, समुपदेशन होतं आणि निर्णय बदलायला आईबापांना साठ दिवस मिळतात. एखादी आई ते साठ दिवस कसे काढत असेल, यावर एक चांगली कथा होईल. ती कुणी फॉरवर्ड करणार नाही.

दुसरी गडबड जास्त मजेशीर आहे. आमच्या ग्रुपवरच्या मजकुरात ते ‘अमेरिकन जोडपं’ आहे. अहो, आडनाव स्थळेकर आहे! हारेन मुंबईत जन्मलेले, सू मूळच्या इंग्लंडच्या, दोघं तेव्हा अमेरिकेत मिशिगनला राहत होते. म्हणजे ही गोऱ्या देवदूतांची गोष्ट नाही. देश सोडून गेलेला एक माणूस मूल घ्यायला स्वतःच्या देशात परत येतो, ही गोष्ट आहे. त्यांच्या घरी आधीच एक मुलगी होती, तीही भारतातूनच दत्तक घेतलेली. फॉरवर्डमध्ये तिचा उल्लेख फक्त ‘आधी एक मुलगी होती’ एवढाच, जणू मुलगा हवा असण्याचं कारण म्हणूनच ती गोष्टीत आहे. मला तर खरी नायिका तीच वाटते. विमानाने आलेल्या एका मुलीच्या घरी विमानाने दुसरी येते, तेव्हा पहिलीला काय वाटलं असेल?

आणि हे सगळं फॉरवर्डमध्ये एका परिच्छेदात उरकतं. आले, पाहिलं, घेऊन गेले. त्या काळी परदेशी लोकांना इथे थेट दत्तक घेता येत नव्हतं. १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली कोर्टाकडून पालक म्हणून नेमून घ्यायचं, मूल आपल्या देशात न्यायचं आणि तिथे दत्तकविधान करायचं. या पद्धतीतल्या गैरप्रकारांबद्दल लक्ष्मीकांत पांडे या वकिलाने सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं आणि १९८४ च्या निकालात पहिल्यांदा नीट नियम आले. आज परदेशातल्या मराठी जोडप्याला तिथल्या अधिकृत संस्थेमार्फत नोंदणी, घराची पाहणी, ‘कारा’चं ना-हरकत पत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, मुलाचा पासपोर्ट असं सगळं पार करावं लागतं. कुटुंब विमानात बसतं ते या सगळ्याच्या जवळपास शेवटी. तपकिरी डोळे बघून विरघळायची सोय राहिलेली नाही, आणि ते बरंच आहे. रांगेतल्या बाकीच्या बाळांचेही डोळे असतात.

हीच घाई सिनेमातही आहे. ‘मला आई व्हायचंय’चा हिंदी अवतार म्हणजे ‘मिमी’ (२०२१). त्यात अमेरिकन जोडपं सरोगसीतून झालेला मुलगा मिमीकडेच ठेवतं, कारण शेवटी त्यांना अनाथाश्रमातली एक मुलगी मिळते. प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतात. पण त्या मुलीचं पटकथेतलं काम काय? हिशेब जुळवणं. एक मूल वजा, एक मूल अधिक. आम्ही कोडमध्ये तात्पुरता पॅच मारतो ना, तसं.

याउलट गार्थ डेव्हिसचा ‘लायन’ (२०१६). खांडव्याचा सरू हरवतो, टास्मानियात वाढतो आणि गूगल अर्थवर आपलं गाव शोधतो. चित्रपट गोड आहे, जाहिरातीसारखे काही तुकडेही आहेत. पण त्यात मंतोष आहे. त्याच घरात भारतातून आलेला दुसरा मुलगा, ज्याला नव्या घरात रुळता आलं नाही, जो स्वतःला इजा करून घेतो. जेवणाच्या टेबलावर तो बसला की गोष्टीचं सगळं तूप गोठतं. सिनेमा त्याला हाकलत नाही, सुधारून दाखवत नाही, आणि त्याची आईही (तिचंही नाव सूच) त्याच्यावर प्रेम करणं थांबवत नाही. दत्तकाच्या गोष्टीत न जिंकणाऱ्या मुलाला खुर्ची दिली, म्हणून मला ‘लायन’ मोठा वाटतो.

आपल्या गोष्टीत ती खुर्ची नाही, याला इतिहास आहे. शाळेत आपण दत्तक हा शब्द शिकलो तो झाशीच्या धड्यात. मग नानासाहेब पेशवे. मग नाशिककडच्या कवळाण्याहून बडोद्याला १८७५ मध्ये दत्तक गेलेले सयाजीराव. दत्तक म्हटलं की गादी हवीच. फॉरवर्डने फक्त गादी बदलली आणि वर्ल्ड कप आणला. लिसा क्रिकेटपटू झाली नसती, सिडनीत एखाद्या ऑफिसात माझ्यासारखी तिकिटं क्लोज करत बसली असती, तर तिला घरी आणणं वाया गेलं असतं का? फॉरवर्डचं उत्तर ‘हो’ असं आहे. तो ते मोठ्याने म्हणत नाही इतकंच.

गंमत म्हणजे तिच्या खऱ्या आयुष्यात जे कथेला लायक आहे तेच यात नाही. २०१३ च्या वर्ल्ड कप फायनलमधला शेवटचा झेल तिने घेतला, तो मुंबईत, ब्रेबॉर्नवर. बापाच्या जन्मगावी. क्रिकेटची गोडीही त्या बापानेच लावलेली. त्यानंतर लगेच ती निवृत्त झाली. तिथे कुणाला नशीब आठवायची गरज पडली नसती.

पुण्यात १९७३ मध्ये जन्मून जर्मनीत वाढलेल्या अरुण डोहले यांची गोष्टही ग्रुपवर कधी आली नाही. आपली दत्तकाची फाइल बघायला मिळावी म्हणून ते भारतातल्या कोर्टात वर्षानुवर्षं लढले. त्यात नायक आभार मानत नाही, कागद मागतो. असा नायक आपल्याला अडचणीचा वाटतो.

बहिणीला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच लिहिलं की कचरापेटीला कसलाही पुरावा नाही. ती देहूरोडलाच, आमच्या मागच्या गल्लीत राहते. दोन्ही गच्च्यांवरून मॅचच्या रात्री गहुंजेच्या स्टेडियमचा उजेड दिसतो आणि तिला क्रिकेटचा प्रचंड कंटाळा आहे. ती मांजरांची चित्रं काढते, गणितात काठावर पास होते. (हे तिला विचारून लिहितोय. ‘काठावर’ काढ म्हणाली होती, मग राहू दे म्हणाली.) ग्रुपवर एका काकूंनी फॉरवर्डखाली लिहिलं होतं, ‘आपली पण अशीच नाव काढणार!’ मामींनी त्यावर अंगठाही दिला नाही.

दुसऱ्या दिवशी मामींनी कपाटातली निळी फाइल काढली. घराच्या पाहणीला आलेल्या बाईंचा अहवाल, कोर्टाचा आदेश, वजनाचा तक्ता. बहिणीने तासभर वाचलं. पहिल्या पानाआधीचं काय, असं तिने विचारलं. मामी म्हणाल्या, त्यासाठी अर्ज करता येतो, दहावीची परीक्षा झाली की आपण दोघी जाऊ. मामा म्हणाला, दोघी का, तिघं जाऊ.