टेकडीखालचे दोर

पेशींचं भवितव्य कसं ठरतं हे शिकवताना एक चित्र हमखास दाखवतात. उतारावरून घरंगळणारा चेंडू, आणि खाली फाटे फुटत गेलेल्या दऱ्या. चेंडू म्हणजे अजून काहीच न ठरलेली पेशी. एका दरीत उतरली की ती बी पेशी, दुसरीत उतरली की टी पेशी. हे चित्र कॉनरॅड वॉडिंग्टन यांच्या १९५७ सालच्या 'द स्ट्रॅटेजी ऑफ द जीन्स' या पुस्तकातलं.

चित्र सुंदर आहे, पण माझी त्याच्याबद्दल एक तक्रार आहे. ते बघून वाटतं की निर्णय एकदाच होतो आणि पुढचं सगळं उतारच करून घेतो.

आता बी पेशीचं बघा. तिच्यात पॅक्स५ नावाचं प्रथिन असतं. ते बी पेशीला लागणारी जनुकं चालू ठेवतं आणि इतर वाटांची बंद. १९९९ साली व्हिएन्नातल्या माइनराड बुसलिंगर यांच्या गटाने दाखवलं की पॅक्स५ नसेल तर उंदरातली होऊ घातलेली बी पेशी टी पेशी किंवा मॅक्रोफेजसुद्धा बनू शकते. इथवर टेकडी शाबूत आहे, कारण निर्णय झालेलाच नव्हता. पण २००७ साली याच गटाने पूर्ण वाढलेल्या बी पेशींमधून पॅक्स५ काढून टाकलं. त्या मागे सरकून पूर्वज-अवस्थेत गेल्या, आणि पुढे त्यांच्यापासून टी पेशी तयार झाल्या! म्हणजे पेशी एकदाच बी पेशी 'होत' नाही, तिला तसं 'राहावं' लागतं.

गंमत अशी की वॉडिंग्टनना हे सुचलं होतं. त्याच पुस्तकात तीच टेकडी खालून दाखवलेली आहे. जमिनीत खुंट्या, म्हणजे जनुकं. त्यांना बांधलेले दोर, आणि दोरांच्या ताणावर तंबूच्या कापडासारखा तोललेला वरचा उतार. दोर कापला तर दरीच बदलेल. आपण मात्र पहिलंच चित्र उचललं.

हा नुसता चित्राचा वाद नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या उपचाराला २०२३ साली भारतात मंजुरी मिळाली. या प्रकारचे उपचार सीडी१९ ही खूण असलेल्या पेशी मारतात, आणि ती खूण टिकते पॅक्स५मुळे. अशा उपचारांनंतर जगभरात काही थोड्या रुग्णांत ल्युकेमियाच्या पेशी बी पेशीची ओळख सोडून मायलॉइड झालेल्या दिसल्या आहेत. खूण गेली, की औषधाचा नेमही गेला.

म्हणून वर्गात पुढच्या वेळी ती टेकडी दिसली, तर खालचं चित्रही दाखवा म्हणून जरूर सांगा.