निकाल एकदाच लागतो, मग पान लाखदा कशाला बनवायचं?

आजचा विषय वेब डेव्हलपमेंटचा आहे, पण सुरुवात दहावीच्या निकालापासून करू. 16 जुलै 2021 आठवतोय? दुपारी 1 वाजता निकाल जाहीर झाला आणि निकालाची संकेतस्थळं कित्येक तास उघडलीच नाहीत. राज्यात 15 लाखांहून जास्त मुलं वाट बघत होती. लातूर विभागीय मंडळात लातूर, नांदेड, धाराशिव हे जिल्हे येतात. मुलांच्या शिकवणीसाठी लातूरला, नांदेडला खोली करून देणारा हा मुलूख. इथं निकालाचा दिवस म्हणजे साधी गोष्ट नव्हे.

दोष कुणाचा, हा आजचा मुद्दा नाही. आम्हाला टीका करायची आहे ती आपल्या धंद्यातल्या एका सवयीवर. कुठलंही काम आलं की आपण आधी डेटाबेस उभा करतो आणि येईल त्या माणसासाठी पान नव्यानं बनवतो. हे डायनॅमिक. दुसरी रीत प्री-रेंडरची: पान आधीच तयार, आलेल्याला फक्त उचलून द्यायचं. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातला लंगर बघा. पंगत बसते तेव्हा डाळ शिजलेली असते, म्हणून हजारो माणसं जेवून उठतात. तिथं एकेकाला विचारून फोडणी घालायला बसलं तर काय होईल?

आता निकालाचा हिशोब करू. गुण ठरले की त्या दिवशी ते बदलत नाहीत. एका मुलाचं साधं पान 3 केबीचं धरा. 16 लाख मुलांची पानं झाली 4.8 जीबी. म्हणजे अख्ख्या राज्याचा निकाल 8 जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये मावतो! आदल्या रात्री पानं बनवा, ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवा, 1 वाजता दार उघडा.

कुणी म्हणेल, मग कुणीही कुणाचाही निकाल बघेल की. शंका रास्त आहे. बैठक क्रमांक ओळीनं असतात, म्हणून पानाचा पत्ता नुसत्या क्रमांकावरून ठेवायचा नाही. हॉल तिकिटावर अंदाज न येणारा लांब सांकेतिक क्रमांक किंवा क्यूआर कोड छापा, त्यावरूनच पत्ता. ज्यांचं तिकीट हरवलं, त्यांच्यासाठी फॉर्म राहू द्या. पण हे परीक्षेच्या आधी ठरवावं लागतं, आणि आपलं घोडं तिथंच अडतं.

बरं, रोज बदलणाऱ्या माहितीचं काय? लातूरच्या बाजार समितीतला सोयाबीनचा भाव रोज बदलतो. तरी सौदे झाले की त्या दिवसाचा किमान-कमाल भाव सगळ्यांना एकच. दिवसातून एकदा पान बनवा, काम झालं. पावसाळ्यात विष्णुपुरीतून गोदावरीत किती पाणी सोडलं, हा आकडा तर काही तासांतही बदलतो. पण नदीकाठच्या प्रत्येक घराला दाखवायचा आकडा तोच. नवा आकडा आला की नवं पान.

इथं मात्र प्री-रेंडरचा दोषही सांगितला पाहिजे. पान शिळं होतं. पुराच्या रात्री शिळा आकडा ताजा म्हणून दिसणं हे पान न उघडण्यापेक्षा वाईट. म्हणून आकड्याशेजारी वेळ छापलीच पाहिजे.

मग खरं डायनॅमिक कुठं लागतं? फेरतपासणीचा अर्ज, फीचा भरणा, कॉलेजातल्या उरलेल्या जागा. जिथं येणारा माणूस काहीतरी बदलून जातो, तिथं.

तेव्हा "माहिती बदलते का?" एवढंच विचारून भागत नाही. ती किती वेळा बदलते, किती वेळा वाचली जाते आणि वाचणारा तिच्यात काही बदलतो का, हे तिन्ही विचारा. किनवटच्या पोराच्या मोबाईलला नेटवर्कची जेमतेम एक काडी असते. वर्षभराच्या कष्टाचं उत्तर त्याला पहिल्याच झटक्यात दिसलं पाहिजे. आपल्या हुशारीचा कस तिथं लागतो.