हद्द कोणी आखली?

नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला (१९७२) विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. पांढरपेशा जगाची हद्द संपते तिथून हे जग सुरू होते, असा तिचा आशय. प्रस्तावना प्रामाणिक आहे; आपल्याला न कळलेले शब्द तेंडुलकर लपवत नाहीत. परंतु ही हद्द आखली कोणी, हे ती विचारीत नाही. प्रस्थापित समीक्षाही शब्दांच्या दाहकतेपाशीच थबकली.

पालीच्या फाट्यावर मुंबईची एस. टी. धरणाऱ्या आमच्या माणसाला गावकूस ठाऊक असते. शहरात ते नसेल, ही त्याची भाबडी आशा. शहरालाही कूस असते; तिथे तिला योजना म्हणतात. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत सुधार ट्रस्ट निघाला. दाट वस्त्या पाडून त्याने रस्ते काढले, गरिबांसाठी चाळी बांधल्या आणि दादर-माटुंग्याला मध्यमवर्गासाठी ऐसपैस प्लॉट पाडले. परळच्या ट्रस्ट चाळीत बाबासाहेब दोन खोल्यांत वर्षानुवर्षे राहिले. पुढे १९३० च्या दशकात ते दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृहा’त गेले. चरित्रात हा घरबदल ठरतो. नकाशा उघडून पाहिले तर ती एक रेघ ओलांडणे होते.

१९६६ च्या नगररचना कायद्याने आराखड्यावर हरकती मागविण्याची सोय केली. त्यासाठी सातबारा लागत नाही. पण नकाशा वाचता यावा लागतो. ‘गोलपिठा’ मी अशीच एक हरकत म्हणून वाचतो, विहित नमुन्यात न बसणारी. वर्गात ती शिकविताना शेजारी मुंबईचा विकास आराखडा टांगावा, एवढीच प्राध्यापक मित्रांना विनंती.