‘व्हेरी लाइकली’ म्हणजे नेमकं किती?

शाळेत इंग्रजीच्या तासाला ‘व्हेरी’चा नियम आपण सगळ्यांनीच पाठ केलाय. ‘व्हेरी गुड’ चालतं, ‘व्हेरी बेटर’ चालत नाही, तिथे ‘मच बेटर’. ‘टू’ म्हणजे नको इतकं, आणि ‘रिमूव्ह टू’ आलं की ‘सो... दॅट... नॉट’. नियम बरोबर आहेत, पण ते शब्द कुठे बसवायचा एवढंच सांगतात. व्हेरी म्हणजे किती, हे कुणी सांगत नाही. गप्पांमध्ये त्यानं काही अडत नाही. विज्ञानाच्या अहवालात अडतं.

ही अडचण ओळखून ज्यांनी इंग्रजीतल्या परिमाणवाचक क्रियाविशेषणांना चक्क टक्केवारी वाटून दिली, त्या मजकुराबद्दल आज लिहितेय. हा मजकूर म्हणजे हवामानबदलावरचे आयपीसीसीचे अहवाल. त्यात तिरप्या ठशात ‘लाइकली’ छापलेलं दिसलं की त्याचा अर्थ ६६ ते १०० टक्के शक्यता. ‘व्हेरी लाइकली’ ९० ते १००. ‘एक्स्ट्रीमली लाइकली’ ९५ ते १००. ‘व्हर्च्युअली सर्टन’ ९९ ते १००. उलट्या बाजूला ‘व्हेरी अनलाइकली’ म्हणजे ० ते १०.

ही पट्टी हाताशी असली की अहवालांचा वीस वर्षांचा प्रवास फक्त क्रियाविशेषणांवरून वाचता येतो. तापमानवाढीला मुख्यतः माणूस जबाबदार आहे का, या प्रश्नाचं उत्तर २००१ मध्ये ‘लाइकली’ होतं, २००७ मध्ये ‘व्हेरी लाइकली’, २०१३ मध्ये ‘एक्स्ट्रीमली लाइकली’. आणि २०२१ च्या अहवालात माणसामुळे पृथ्वी तापली आहे हे विधान ‘अनइक्विव्होकल’, म्हणजे निर्विवाद, ठरलं. गंमत बघा, सगळ्यात ठाम वाक्याला परिमाणाची गरजच उरली नाही. शेकडो शास्त्रज्ञांनी एकत्र बसून एकेका शब्दाचं वजन ठरवावं, ही शिस्त मला मनापासून आवडते.

पण वाचकाच्या बाजूनं पाहिलं तर ही पट्टी नीट चालत नाही, असं माझं मत आहे.

पहिलं कारण संशोधनातूनच पुढे आलंय. डेव्हिड बुडेस्कू आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना अहवालातली वाक्यं दिली आणि विचारलं, यातून तुम्हाला किती टक्के शक्यता कळते? उत्तरं अहवालाच्या आकड्यांपेक्षा मधल्या पन्नास टक्क्यांकडे सरकलेली निघाली. ‘व्हेरी लाइकली’ लोकांना नव्वदपेक्षा बरंच कमी वाटलं, ‘व्हेरी अनलाइकली’ दहापेक्षा बरंच जास्त. २०१४ मध्ये २४ देशांत आणि १७ भाषांत पुन्हा तपासलं तेव्हाही कल तोच. मात्र वाक्यातच शब्दाशेजारी आकडा छापला की लोकांचे अंदाज सुधारले. एवढा साधा उपाय.

यात दोष वाचकांचा नाही. मूळ ‘व्हेरी’चा अर्थ ‘खरोखर’. जुन्या फ्रेंचमधून आला तेव्हा तो खरेपणाबद्दल बोलायचा. वापरून वापरून तो झिजला आणि नुसता जोर देणारा शब्द झाला. त्यातून ब्रिटिश इंग्रजीची आणखी एक सवय. तिथल्या पारंपरिक वळणात ‘लाइकली’ हे क्रियाविशेषण सहसा एकटं येत नाही. त्याच्या आधी ‘व्हेरी’, ‘मोस्ट’ किंवा ‘क्वाइट’ लागतं. ‘इट विल लाइकली रेन’ हे अमेरिकन वळण, जुन्या ब्रिटिश कानाला ‘इट विल व्हेरी लाइकली रेन’ बरं वाटतं. म्हणजे त्या वाक्यातला ‘व्हेरी’ बराचसा व्याकरणाच्या सोयीसाठी आलेला असतो. जो शब्द असा सोबतीला येतो, त्याच्यावर २४ टक्क्यांच्या उडीचा भार टाकायचा आणि खुलासा तळटिपेत ठेवायचा, हे जरा अतिच झालं.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याच अहवालात शक्यतेच्या पट्टीशेजारी ‘कॉन्फिडन्स’ची वेगळी पट्टी आहे: व्हेरी लो, लो, मीडियम, हाय, व्हेरी हाय. पुरावा किती भक्कम आणि तज्ज्ञांचं एकमत किती, हे ती सांगते. आताच्या नियमांत तिला टक्केवारी नाही. म्हणजे एकाच पानावरचा ‘व्हेरी’ एकदा ९० टक्के असतो आणि एकदा कुठलाच आकडा नसतो. आणि कधीकधी दोन्ही पट्ट्या एकाच वाक्यात येतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पुढे तापमान किती वाढून स्थिरावेल, याचं २०२१ च्या अहवालातलं उत्तर घ्या. सर्वोत्तम अंदाज ३ अंश सेल्सिअस. ‘लाइकली’ पल्ला २.५ ते ४. ‘व्हेरी लाइकली’ पल्ला २ ते ५, त्यातही २ या टोकाला ‘हाय कॉन्फिडन्स’ आणि ५ ला ‘मीडियम’.

इथे क्षणभर थांबा. ‘व्हेरी’ लावल्यावर पल्ला अरुंद न होता रुंद झाला! यात गणिताची चूक नाही. एसटी साडेनऊ ते दहाच्या दरम्यान येईल बहुतेक, पण नऊ ते साडेदहाच्या दरम्यान नक्की येईल, असं आपण म्हणतोच की. खात्री हवी असेल तर जाळं मोठं टाकावं लागतं. पण नुसतं इंग्रजी वाचणाऱ्याला ‘व्हेरी’ म्हणजे जास्त नेमकं, असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

आता आपल्या हवामान खात्याचे शब्द बघा. ‘हेवी’ पाऊस म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर, ‘व्हेरी हेवी’ ११५.६ ते २०४.४, त्याच्या वर ‘एक्स्ट्रीमली हेवी’. इथेही व्हेरी आणि एक्स्ट्रीमलीच आहेत. तरी हे शब्द मला जास्त प्रामाणिक वाटतात, कारण पाऊस पर्जन्यमापकात मोजता येतो आणि मराठीतल्या मुसळधार, अतिमुसळधार, अत्यंत मुसळधार या पायऱ्या आपल्याला अंगणात उभं राहून कळतात. निर्दोष तेही नाहीत. वरच्या पायरीला छप्पर नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, २०५ मिलिमीटर पडला असता तरी क्रियाविशेषण तेच लागलं असतं.

शक्यतेला मात्र पर्जन्यमापक नाही. म्हणून आयपीसीसीचं वाक्य मराठीत आणताना खरी पंचाईत होते. ‘लाइकली’ला शक्यता आहे, ‘व्हेरी लाइकली’ला दाट शक्यता, मग ‘एक्स्ट्रीमली लाइकली’ला काय? अतिशय दाट शक्यता? वाचायला ते विनोदी वाटतं, आणि ९० ते ९५ हा फरक त्यातून पोचतही नाही. २००७ आणि २०१३ ही दोन्ही विधानं ‘दाट शक्यता’ म्हणून छापली तर मधल्या सहा वर्षांत भक्कम झालेला पुरावा मराठी वाचकापर्यंत येतच नाही. धरण किती उंच बांधायचं, किनाऱ्यापासून घर किती लांब, हे असल्याच वाक्यांवर ठरणार असताना! माझ्या मते भाषांतरात सरळ ‘शंभरात किमान पंचाण्णव’ लिहावं.

आमच्या प्रयोगशाळांमधल्या इंग्रजीची गोष्ट याहून वाईट आहे, कारण तिथे तळटीपसुद्धा नसते. ‘सिग्निफिकंटली हायर’ हा लाडका शब्दप्रयोग. सांख्यिकीत त्यातून एवढंच कळतं की खरा फरक शून्य असता तर इतका मोठा फरक नुसत्या योगायोगानं क्वचितच दिसला असता. फरक किती मोठा, हे त्यात नाही. नमुने पुरेसे असतील तर अर्ध्या टक्क्याचा फरकही ‘सिग्निफिकंट’ निघतो, आणि वाचणारा समजतो की बरीच वाढ झाली. ‘हायली सिग्निफिकंट’ तर आणखी फसवं. तिथे ‘हायली’ पी-व्हॅल्यू लहान असल्याचं सांगतं, परिणाम मोठा असल्याचं नाही. मसुदा तपासताना असं क्रियाविशेषण दिसलं की मी ते खोडून तिथे आकडा आणि त्याची चूकमर्यादा घालून बघते. वाक्य उभं राहिलं तर क्रियाविशेषण परत घालत नाही. आकडाच सापडला नाही तर वाक्यही काढते.